कात्री कधी थांबायची

खुर्ची चालायची, पण थांबायची नाही.

जिन्यावरून पडल्यापासून सलूनवाल्या काकांचे हातपाय निकामी झाले होते. आता डोक्यावर तारांची टोपी होती. मनातल्या मनात उजवा हात हलवला की मेंदूत बारीकशी लहर उठते, टोपी ती टिपते आणि चाकाची खुर्ची पुढे जाते. मनातला हात शांत झाला की खुर्ची थांबते. काम एवढंच. पण सकाळपासून तीनदा खुर्ची भिंतीवर आपटली होती. आज जमलं नाही, तर ती रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

"काका, हात सोडून द्या ना," यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली.

"सोडलाय गं पोरी."

"पडद्यावर तर नाचतोय."

"नाचेल नाही तर काय," कोपऱ्यातून काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं केस कापलेत. समोर केस नसले तरी यांची कात्री हवेत कचकच चालू. लग्नात हार घालतानासुद्धा बोटं स्वस्थ नव्हती."

"तेव्हा घाबरलो होतो."

"आणि आत्ता?"

काकांनी भिंतीकडे पाहिलं.

मुलीने जरा विचार केला. "मग कात्री थांबायची कधी, काका?"

काकांनी डोळे मिटले. समोरासमोरचे दोन आरसे दिसले, पावडरचा वास आला. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची ती गुळगुळीत फळी. तिच्यावर त्यांची लेक, चार वर्षांची, गळ्याभोवती चादर. तिने मान फिरवली की कात्री कानापाशी जागच्या जागी थांबायची. दटावलं तर मूल जास्तच हलतं, हे काकांना ठाऊक होतं.

"बाबा, झालं?"

"नाही. तुझी वाट बघतोय."

"चल पोरी, लाव यंत्र," काका म्हणाले.

खुर्ची निघाली. मनात कात्री कचकचत होती. दार जवळ आलं, तशी फळीवरच्या लेकीने मान वळवली.

खुर्ची दारापासून वीतभर अलीकडे थांबली. काकूंनी पदर तोंडाला लावला. यंत्रापाशी बसलेल्या मुलीने कागदावर खूण केली. "जमलं, काका. खुर्ची तुमची. आता दाराबाहेर घ्या."

"थांब जरा," काका डोळे न उघडता म्हणाले. "ती अजून मान हलवतेय."