एकाच फाटकातून तीन डेक्स्टर

माझे डॅडी बावीस वर्षं खताच्या कारखान्यात व्हॉल्व्ह दुरुस्त करत होते. फेब्रुवारीत कारखान्याने माणसं कमी केली आणि डॅडी एका दिवसात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ झाले. म्हणजे काम तेच, फक्त शोधायचं आपण. ऑगस्टपर्यंत मिळालं नाही तर आमचं कूव्हा गाव सोडून समुद्रापलीकडे टोबॅगो बेटावर मावशीकडे राहायला जायचं, असं ठरलं. माझी शाळा, माझा वादविवादाचा संघ, सगळं इथेच राहणार. तेव्हा या गोष्टीत मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

डॅडींनी नोकरी लावून देणाऱ्या तीन एजन्सींत नाव घातलं. पहिला फोन त्यातल्या एका एजन्सीच्या जिझेलचा.

“डेक्स्टर डार्लिंग, एका गॅस प्लँटमध्ये सहा महिन्यांचं काम आहे. पाठवू तुझं नाव?”

डॅडींच्या तोंडात डबल्सचा, म्हणजे छोले घातलेल्या मऊ पुऱ्यांचा घास. “पाठव की.”

“कुठला प्लँट?” मी मागून विचारलं.

“ते गुपित असतं, बेबी.”

मग दुसऱ्या एजन्सीचे मिस्टर रूपनारायण, मग तिसरीचा कर्ट. तेच गुपित, तेच “पाठव की”. डॅडींना नाही म्हणताच येत नाही. आमच्या घरात याच कारणाने चार ब्लेंडर आहेत.

तिघांनी डॅडींची माहिती आपापल्या परीने चकचकीत केली. जिझेलने त्यांना ‘जन्मजात नेता’ केलं. रूपनारायणनी अस्खलित स्पॅनिश बहाल केलं. कर्टने वय दहा वर्षांनी उतरवून छत्तीस केलं, अनुभव मात्र बावीस वर्षांचाच ठेवला. म्हणजे डॅडी चौदाव्या वर्षी कामाला लागले होते.

मुलाखतीची तीन बोलावणी आली. एकाच दिवशी, नऊ, दहा आणि अकरा वाजता.

“डॅडी, पत्ता बघा. तिन्ही वेळा एकाच फाटकात जायचंय.”

“मग शर्ट बदलू का?”

“डॅडी.”

ते नऊला गेले आणि खरं ते सांगून आले. तिथल्या मिसेस पँटिन म्हणाल्या, “एकच माणूस दोन एजन्सींकडून आला, तरी आम्ही घेत नाही. कमिशनवरून त्या आमच्याच दारात भांडतात. तुम्ही तर तिघांकडून आलात. वाईट वाटतं हो, तो स्पॅनिशवाला आम्हाला आवडला होता.”

मावशीने टोबॅगोत माझ्यासाठी खोली रंगवायला घेतली. गुलाबी.

दोन आठवड्यांनी जिझेलचा फोन. “डार्लिंग, एका प्लँटला तातडीने माणूस हवाय. तीन चांगले उमेदवार ऐनवेळी गळाले म्हणे. पाठवू नाव?”

डॅडींनी माझ्याकडे बघितलं. मी नुसत्या भुवया उचलल्या.

“आधी कंपनीचं नाव लिहून पाठव. आणि ते ‘जन्मजात नेता’ काढून टाक.”

नाव आलं. तोच प्लँट. डॅडींनी हो म्हटलं. पाच मिनिटांत रूपनारायण, मागोमाग कर्ट. दोघांना डॅडी “नाही” म्हणाले. दुसऱ्या वेळी तर जरा मजाच घेतली त्यांनी.

गुरुवारी फाटकातून एकच डेक्स्टर आत गेला, सोमवारी कामावर रुजू झाला.

“तुमचे ते स्पॅनिशवाले कुठे गेले?” मिसेस पँटिननी विचारलंच.

“त्यांना दुसरीकडे लागलं, मॅडम,” डॅडी म्हणाले.