ग्रुपातला पाहुणा

माझे सासरे मल्हारराव आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नाहीत, आणि याचा आम्हाला जेवढा ताप झालाय तेवढा कुणाच्या खोटेपणाचा झाला नसेल.

आमच्या गावचं गायरान, म्हणजे मेंढरं चारायची सगळ्यांची जमीन, गोदामं बांधायला द्यायचं घाटत होतं. ते गेलं तर मेंढरं विकण्यावाचून इलाज नव्हता. गेल्या वर्षी मोर्चा ठरवला, तर आदल्याच दिवशी घरोघर नोटिसा आल्या आणि माझ्या नवऱ्याला, बिभीषणला, दिवसभर पोलीस चौकीत बसवून ठेवलं. म्हणून यंदा सगळं गुपचूप. मेंढरं घेऊनच शहरातल्या मोठ्या कचेरीपुढे उभं राहायचं, आणि दिवस बाहेर फुटू द्यायचा नाही.

बोलणं सगळं मोबाइलच्या ग्रुपात. मधल्या मधे कुणाला वाचता येत नाही, असं ते ॲपच लिहून सांगतं. ॲडमिन मी, आणि मामाही, म्हणजे माझे सासरे. घरात कर्ता माणूस असताना सुनेनं एकटीनं ॲडमिन व्हावं, हे त्यांना पटलं नव्हतं.

एके दिवशी ग्रुपात अनोळखी नंबर दिसला. मी शहरात, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे. हातातली साडी तशीच टाकून फोन लावला.

“मामा, हा नवा कोण?”

“साहेब हायेत. सकाळी आले व्हते. लई भला मानूस. ताक पिले, भाकर खाल्ली, म्हनले मलाबी घ्या की तुमच्यात. घेतलं.”

“कुठल्या खात्याचे?”

“ते नाय सांगितलं. पाहुन्याला कोन इचारतंय?”

मी कपाळाला हात लावला. आमचे मेसेज फोडायला सरकारला कसली कसली यंत्रं लागली असती कोण जाणे; इथे तांब्याभर ताकात काम झालं. बरं, बिभीषण नाव नवऱ्याचं, आणि लंकेचं दार उघडलं सासऱ्यांनी.

संध्याकाळी घरी येऊन मी सरळच म्हटलं, “त्यांना काढा.”

“आपल्या चुलीवरची भाकर खाल्लेल्या मानसाला उठ म्हनायचं? आपल्यात तसं करत नाय, रत्नमाला.”

काढायला मलाही आलं असतं. पण मामांनी हाताला धरून बसवलेल्या माणसाला सुनेनं उठवलं, असं झालं असतं तर चार माणसांत त्यांची मान खाली गेली असती. शिवाय साहेबही सावध झाले असते. आपलेच दात, आपलेच ओठ.

सासूबाई, बानाबाई, म्हणाल्या, “दुसरा ग्रुप काढ की मग.”

ते मलाही सुचलं होतं. पण त्यात मामांना घ्यायचं कसं? साहेबांनी दिवस विचारला की ते सांगून मोकळे होणार. आणि वगळायचं तरी कसं? गायरानासाठी गावात पहिला आवाज त्यांनी काढला, आम्ही सगळे मागाहून आलो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठीच वाईटही वाटत होतं. दोन्ही गिळून मी भाकरी थापत बसले.

शेवटी तेच बोलले. कोकरांच्या कुडाला दोरी बांधत होते.

“नवा ग्रुप काढ. त्याच्यात मला घिऊ नको.”

“कामून, मामा?”

“साहेब इचारतील. दारी आलेल्याला लबाड बोलायला मला जमत नाय. ठावच नसलं तर खरं सांगता यील.”

“पण मग तुम्ही मोर्चात नसणार.”

“नसू दे. मेंढरं मोठ्ठी झाल्यात, जातील माझ्याबिगर.” एवढं बोलून ते पाठ करून गाठ आवळत राहिले. गाठ केव्हाच बसली होती.

नव्या ग्रुपात एकेकाला समोर बसवून घेतलं. मेसेज आपोआप पुसले जातील असं करून ठेवलं. जुना ग्रुप मामा आणि साहेबांनी जोरात चालवला. मामा लंगड्या मेंढीचं औषध सांगायचे, साहेब फुलांची चित्रं पाठवायचे. पुढे साहेबांनी आपल्या आईच्या गुडघ्याचंही विचारलं, आणि मामांनी निरगुडीचा पाला कसा शेकायचा ते बोलून पाठवलं.

बिभीषण चराईला म्हणून मेंढरं घेऊन आधीच शहराच्या दुसऱ्या अंगाला उतरला होता. ठरल्या दिवशी मी रोजच्यासारखा डबा घेऊन निघाले. मामा म्हणाले, “नीट जा.” मी हो म्हटलं.

तासाभरात कचेरीपुढचा रस्ता मेंढरांनी भरला. अडवणारं कुणी नव्हतं, कारण कुणाला खबरच नव्हती. कचेरीतले मोठे साहेब खाली आले, आमचं म्हणणं ऐकलं, आणि सुनावणी होईपर्यंत गायरानाला हात लागणार नाही असं लेखी दिलं. मला इतका आनंद झाला की समोरच्या मेंढीच्या गळ्यात पडले.

घरी काय झालं ते बानाबाईंनी रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं.

पाहुणे साहेब त्याच वेळी आमच्या ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी विचारलं, “मल्हारराव, मोर्चा कधी आहे हो?”

“ठाव नाय, साहेब.”

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला.

“तुमची सून पुढं आहे म्हणतात. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“नाय.”

साहेबांनी मामांकडे पाहिलं. रागावले नाहीत. त्यांना कुणीतरी तिथून व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि फोन मामांच्या हातात दिला. मामांनी मोर्चा पाहिला. बानाबाई म्हणाल्या, डोळ्यांतनं पानी वहात व्हतं, पुसतबी नव्हते.

व्हिडिओ संपल्यावर मामा म्हणाले, “साहेब, पुन्यांदा लावा.”

साहेबांनी लावला.