ट्रेमध्ये अडकलेला तुलाराम

माणूस जातो, कला अमर राहते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. साकोलीच्या बस स्टँडाजवळ टिकारामच्या दुरुस्तीच्या दुकानात त्या दिवशी कला अमर होतीच. फक्त डीव्हीडी प्लेअरच्या ट्रेमध्ये अडकली होती आणि बाहेर येत नव्हती.

"बेल्ट गेला," टिकाराम म्हणाला. प्लेअर अजून पिशवीतून पुरता बाहेरही निघाला नव्हता.

हे निदान टिकारामनं आयुष्यभर केलं होतं. टेपरेकॉर्डर असो की व्हीसीआर, त्याच्याकडे जे येई त्याचा बेल्टच गेलेला असे, आणि पुष्कळदा तो खरोखरच गेलेला असे. पुढे जगानं वस्तूंमध्ये बेल्ट घालणंच सोडलं आणि टिकारामचं ज्ञान एकाएकी अपुरं पडलं. आता दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. ती बिघडत नसत, हा त्यांचा मोठाच दोष.

"डब्बा राहू द्या भाऊ," समोर उभी असलेली रुखमाबाई म्हणाली. "मले आतली सीडी पायजे. आमच्या घरच्याइची आहे."

घरचे म्हणजे तिचा नवरा तुलाराम. तो पोळ्याच्या सुमारास गेला. धान आणि मंडईतलं नाटक, या दोनच गोष्टी त्यानं मन लावून केल्या. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली की रात्री नाटक ठरलेलं. एका वर्षी कुणीतरी त्याचं शूटिंग केलं आणि डिस्क घरोघरी वाटल्या; बाकीच्या घरांतल्या केव्हाच हरवल्या. तुलारामचा फोटो घरात होता, पण फोटो बोलत नाही. आवाज म्हणून जो काही उरला, तो या डिस्कवर.

"मोबाइलमंदी नाही टाकला कोनी?" टिकारामनं विचारलं.

"मनिष म्हने, टाकून देतो आई. नागपूरले गेला. रायलं."

शेजारचा चहावाला कैलाश किटली घेऊनच आत आला. "काय पार्ट होता मावशी त्याइचा?"

"राजाच्या दरबारात होते," रुखमाबाई मान ताठ करून म्हणाली.

"राजा होते म्हना ना!" कैलाशनं परस्पर बढती देऊन टाकली. रुखमाबाईनं ती नाकारली नाही.

टिकारामनं झाकण उघडलं, भंगारातल्या प्लेअरचा बेल्ट काढून यात बसवला आणि बटन दाबलं. आत मोटर घुरघुरली. ट्रे जागचा हलला नाही.

"अजून येक टाका टिकाभाऊ," कैलाश म्हणाला, "येका बेल्टात भागत नसन."

टिकारामनं चिडून फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला. जोर लावणार, तोच रुखमाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"फुटन ना भाऊ! येकच आहे थे. मानूस गेला तवा काईच करता आलं नाही मले. हे तरी मोडू नका."

टिकारामनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग त्यानं कधी न केलेली गोष्ट केली. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला.

"बंद कवा पडला हा?"

"दसऱ्याले."

"काय केलं दसऱ्याले?"

"पूजा. नांगराची केली, मोटरपंपाची केली, याची केली. घरचे हर साल करत."

"कशी केली?"

"कशी म्हन्जे? बटन दाबलं तं थो ताट पुढं केल्यावानी बाहेर आला. सीडी होतीच वर. हळद-कुंकू वायलं, अक्षता वायल्या, बटन दाबलं. गेला आत."

"आत कायले टाकल्या बाई? वरून कुंकू लावाचं ना! त्याइनं बी आतच टाकलं का कधी?"

"थे वरूनच लावत," रुखमाबाई म्हणाली. "पन आता थे आत आहेत ना. बाहेरून कायले लावू?"

टिकारामनं प्लेअर उजेडाकडे वळवला आणि आत वाकून पाहिलं.

कुंकवानं लाल झालेला तांदूळ गिअरच्या दातांत घट्ट बसला होता. टिकारामनं चिमट्यानं एकेक दाणा काढला. फुंकून टाकणार होता, पण रुखमाबाईनं पदर पुढे केला. मग बटन दाबताच ट्रे असा सरळ बाहेर आला, जणू मधे काही झालंच नव्हतं. डिस्क अखंड होती. टिकारामनं ती सदऱ्याच्या टोकाला पुसून परत ट्रेमध्ये ठेवली आणि दुकानातला टीव्ही जोडून लावला.

दरबार भरला होता. मोठ्या मिशांचा राजा सिंहासनावर बसला होता.

"हेच काय?" कैलाशनं विचारलं.

"नाही."

"मंग, थो सेनापती?"

"नाही. मागं पाहा."

सिंहासनामागे भाला धरून एक किडकिडीत माणूस उभा होता. राजा गायला, रडला, लढाईला गेला, हरून परत आला. भालेवाला जागचा हलला नाही.

"बोलत काहून नाहीत?"

"चूप. आता आयका."

राजानं गाण्याआधी दम घेतला, तेवढ्यात मागचा माणूस खोकला. तोंडावर मूठ धरून, एकदाच.

रुखमाबाईचा चेहरा फुलला. "असेच खोकलत. पहाटेले, आंगनात. थे आयकून मी चूल पेटवो."

कुणी न सांगता टिकारामनं मागे घेऊन पुन्हा लावलं. राजानं दम घेतला. तुलाराम खोकला. कव्हर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्याला टिकारामनं हातानंच थांबवलं.

"पुढं आहेत का अजून?" टिकारामनं रुखमाबाईला विचारलं.

"आहेत ना. शेवटपर्यंत उभे आहेत."

मग कैलाशनं किटली खाली ठेवली, रुखमाबाईला स्टूल दिलं, आणि सगळ्यांनी नाटक शेवटपर्यंत पाहिलं.

तुलाराम पुन्हा खोकला नाही.