सारेला कुणी विचारलं

सॅम्सन किहिमकर जर्मनीत नेकार नदीच्या काठाने सायकल चालवताना पडला आणि उठला नाही, तेव्हा त्याची बायको दिना आठव्या महिन्यात होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याच्या वाल्डॉर्फच्या ऑफिसातून फुलं आली. ज्यू माणसाच्या दफनाला फुलं नेत नाहीत, हे सांगायचं त्राण दिनाला नव्हतं. तिने ती बादलीत घालून स्वयंपाकघरात ठेवली. ती तिथेच सुकली.

सॅम्सनची आई, एलिशेबाबाई, ठाण्याहून आल्या. बाळंतपणासाठी काढलेल्या व्हिसावर त्या मुलाच्या दफनाला आल्या. पोटुशीने कब्रस्तानात पाऊल टाकू नये, असं त्यांनी सांगितलं. दिनाने वाद घातला नाही. ऑफिसातली मैत्रीण शोभना हिच्या गाडीत ती फाटकाबाहेर बसून राहिली. आत दहा पुरुष कादिश, मृतासाठीची प्रार्थना, म्हणत होते, ते तिला ऐकू आलं नाही. शोभनाने विचारलं, "हीटर वाढवू?" दिना म्हणाली, "या." मग तिच्या लक्षात आलं की आपण जर्मनमध्ये हो म्हणालो, आणि मराठीत कदाचित त्याचा अर्थ वेगळा झाला असता.

पुढे मुलगा झाला. धडधाकट, डोक्यावर काळंभोर जावळ. सगळे म्हणाले, बापासारखा आहे. दिनाने पाहिलं. तिला एक बाळ दिसलं.

घरी एलिशेबाबाई सगळं करत होत्या. अळीव, डिंक, मेथी, सगळं त्यांनी पेटीतून आणलं होतं. दिना खायची, पाजायची, झोपायची. दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या. रडू आवरलं होतं असं नाही, ते यायचंच नाही. एलिशेबाबाई कधीकधी बाळाचे कपडे घडी करता करता थांबायच्या आणि भिंतीकडे बघत राहायच्या. मग घडी पुरी करायच्या.

"मंगळवारी आठवा दिवस," एका दुपारी त्या म्हणाल्या. "रब्बींना फोन केलाय शोभनाने. सुंता करायला मोहेल फ्रांकफुर्टहून येतील. सिनेगॉगमध्येच करू. नाव शिमशोन ठेवायचं, सॅम्सनचं हिब्रू नाव. बाप नसलेल्या मुलाला बापाचंच नाव देतात आपल्यात."

"बरं," दिना म्हणाली.

त्याच दिवशी हेबामे आली. बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघणारी ही सुईण मोठी प्रेमळ बाई होती. तिने बाळाला तोललं, नाळेची जागा पाहिली आणि मंगळवारचं ऐकून हात थांबवला.

"मूस दास झाइन?" तिने हळूच विचारलं. हे करायलाच हवं का?

दिनाने उत्तर शोधलं. हो म्हणावं असं आत काही सापडेना, नाही म्हणावं असंही सापडेना. हेबामेने तिच्या दंडावर हात ठेवला, "तुम्ही आई आहात, तुम्ही ठरवा," म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर दिनाने बाळाला पुन्हा दुपट्यात गुंडाळलं. एलिशेबाबाई पलीकडे नारळ खवत होत्या.

"आई," दिना म्हणाली, "अब्राहामाने इसहाकाची सुंता केली ना, आठव्या दिवशी. तेव्हा त्याच्या आईला, सारेला, कुणी विचारलं होतं का?"

एलिशेबाबाईंनी खवणी थांबवली. लहानपणी त्या रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी बापाशेजारी बसायच्या. तोराह, ज्यूंचा धर्मग्रंथ, त्यांना मराठीतून तोंडपाठ म्हणावी इतकी येत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं असं लिहिलेलं नाही. ती हसली ते लिहिलंय. तिने मुलाला पाजलं ते लिहिलंय."

"तिला काय वाटलं?"

"ते नाही लिहिलं."

"मला काहीच वाटत नाही, आई. चांगलं नाही, वाईट नाही. अशा बाईने मुलाची सुंता करून देवाशी करार करावा का?"

"करार तू करत नाहीयेस," एलिशेबाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समजूत काढण्याचा सूर नव्हता. "तो आधीच झालाय. आपली माणसं जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागली तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या म्हणतात. भाषा विसरली. सण विसरले. तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद आणि आठव्या दिवशी सुंता, एवढंच राहिलं. त्यांना काय वाटत होतं, कुणाला ठाऊक. करत राहिले." त्या पुन्हा खवायला लागल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "मलाही काही वाटत नाही गं. त्याला मातीत ठेवला त्या दिवसापासून. मी नारळ खवते."

मंगळवारी शोभनाने त्यांना सिनेगॉगला सोडलं. एका बैठ्या इमारतीतला तो हॉल होता, बाहेर पहाऱ्याला पोलिसांची गाडी उभी. आत जमलेले बहुतेक म्हातारे पुरुष रशियन बोलत होते. बाळाला मांडीवर घेण्याचा मान आजोबांचा असतो. सॅम्सनचे वडील नव्हते, दिनाचे कधीच वारले होते. म्हणून रब्बींनी ओदेसाहून आलेल्या हेर, म्हणजे श्रीयुत, फ्रिडमान नावाच्या गृहस्थांना बसायला सांगितलं होतं. ते दिनापाशी आले. उशी कशी धरायची याचा सराव करत होते.

"तुमच्या मुलांच्या वेळी तुम्हीच धरलं असेल," दिना काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"नाही," ते मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले. "तिकडे आमच्याकडे कुणी करत नसे. सरकारची भीती होती. माझी स्वतःची मी इथे येऊन करून घेतली. साठीला आलो होतो."

दिनाने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का?"

त्यांनी विचार केला. "माझी आई मरताना म्हणाली, तुला आठव्या दिवशी सुंतेला द्यायला हवं होतं, मी घाबरले. म्हटलं, चला, उशीर झाला तर झाला. डॉक्टर हसला." तेही थोडे हसले. "मला वाटलं होतं, झाल्यावर काहीतरी होईल. आकाश उघडेल. दुखलं तेवढं. घरी जाऊन सूप प्यायलो."

"मग पश्चात्ताप?"

"नाइन," ते म्हणाले. "छे. सूप छान होतं."

एक खुर्ची रिकामी ठेवली होती, एलियाहू हन्नबी या प्रेषितांची. तिच्यावर बाळाला क्षणभर ठेवलं, मग उचलून हेर फ्रिडमान यांच्या मांडीवर दिलं. एलिशेबाबाईंनी दिनाला शेजारच्या खोलीत न्यायला हात धरला, पण ती दारातच थांबली. मोहेलांनी भूल दिलेली होती. तरी बाळ ओरडलं. दिनाच्या छातीतून दूध झरायला लागलं आणि ब्लाउज ओला झाला. मनाला काही कळायच्या आत अंगाला कळलं होतं.

मोहेलांनी द्राक्षरसाचा पेला उचलला. आशीर्वाद म्हणता म्हणता ते थांबले आणि दाराकडे बघून म्हणाले, "नाव?"

एलिशेबाबाईंनी तोंड उघडलं होतं. त्या बोलायच्या आतच दिना म्हणाली, "इमॅन्युएल."

मागच्या उन्हाळ्यात सॅम्सनने ते ठरवलं होतं. देव आमच्याबरोबर, या अर्थाशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. जर्मनीत मनू म्हणतील आणि ठाण्यातही मनूच म्हणतील, म्हणून त्याला ते आवडलं होतं. दिनाने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आज सांगायचं असंही ठरवलं नव्हतं. रोज दहा वेळा सॅम्सनच्या नावाने हाक मारायची आणि दुसऱ्याच कुणीतरी यायचं, हे तिला जमणार नव्हतं एवढंच.

एलिशेबाबाईंनी तिचा हात सोडला. मोहेलांनी पेला वर धरला आणि हिब्रूत मोठ्याने म्हटलं की इस्राएलात या मुलाचं नाव इमॅन्युएल बेन शिमशोन असं होवो. इमॅन्युएल, शिमशोनचा मुलगा.

ते नाव त्या हॉलमध्ये उच्चारलं गेलं आणि रशियन म्हाताऱ्यांनी आमेन म्हटलं. तोराह वाचायला पुकारतील तेव्हा, लग्नात, आजारपणात, कबरीवर, हा मुलगा जाईल तिथे बापाचं नाव त्याच्या मागे लावलं जाणार होतं. दिनाला हे माहीत होतं, पण ऐकेपर्यंत आठवलं नव्हतं. एलिशेबाबाई शेजारच्या बाकावर खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज येत नव्हता. दिना त्यांच्याशेजारी बसली. तिला अजूनही रडू आलं नाही. तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून दिला.

नंतर मलिद्याचं ताट फिरलं. गुळाचे पोहे, खोबरं, खजूर, केळी. हेर फ्रिडमान यांनी आधी संशयाने चमचाभर घेतलं, मग पुन्हा मागून घेतलं. एलिशेबाबाईंनी डोळे पुसून त्यांना वाढलं.

घरी येताना गाडीत मागच्या सीटवर बाळ कुरकुरायला लागलं.

"मला सांगायचं होतंस," एलिशेबाबाई म्हणाल्या.

"मलाच माहीत नव्हतं, आई."

त्यांनी मान हलवली. गाडी सिग्नलला थांबली. मग त्यांनी बाळाच्या टोपीची गाठ सैल केली आणि म्हणाल्या, "मनू, अरे मनू. भूक लागली का? आलंच हं घर."