अक्रोडाला दोन बालद्या

थंडी पडण्याआधीचे तीन आठवडे माझ्या धंद्यात मान वर करायला फुरसत नसते. लोक घरं बंद करून उबदार मुलखात जातात आणि नळांतलं पाणी काढून टाकायला मला बोलावतात. मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळ्यात खालचा नळ उघडायचा, मग वरचे, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत रिकाम्या घरात बसून राहायचं. ते बसणं मला फार आवडतं. पाइपांतून पाणी उतरताना भिंतीआड कुणी हळू बोलत असल्यासारखं वाटतं आणि माझे डोळे मिटायला लागतात.

एवढं कशाला, असं कुणी विचारलं की मी मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांचं उत्तर देतो. वाहतं पाणी म्हणजे बाजारातली गर्दी, खांद्याला खांदा लावून कशीही मावते. गोठताना तेच कण हात लांब करून एकमेकांना धरतात आणि जागच्या जागी उभे राहतात. मधे पोकळ्या उरतात. अकरा बालद्या पाण्याचा बर्फ बारा बालद्यांची जागा मागतो, आणि नाही दिली तर लोखंडसुद्धा फाडतो. हे मी गावभर सांगत हिंडलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण माझ्यासारख्यांसाठीच केलेली असावी.

आमच्या मागच्या अंगणात अक्रोडाचं झाड आहे. सोळा वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. त्याच महिन्यात बायकोने ते रोप लावलं. मी खड्डाही खणून दिला नाही. त्या दिवशी मुद्दाम लांबचं काम घेतलं. पुढे झाडाचं सगळं तिनेच केलं. मुलीविषयी आम्ही कधी बोललो नाही, झाडाविषयीही नाही. अंगणात कपडे वाळत घालायचो तेही मी त्याच्याकडे पाठ करून.

यंदा उन्हाळा सरता सरता बायकोच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती तिकडे राहायला गेली. घर इतकं गप्प झालं की मोरीतला गळका नळसुद्धा मला सोबतीचा वाटू लागला. एका संध्याकाळी मी त्याच्याखालची भरलेली बालदी उचलली आणि झाडाला घातली. का, ते मलाही सांगता येणार नाही. मग रोजचंच झालं: दिवसभर परक्या घरांतलं पाणी काढायचं आणि घरी येऊन झाडाला दोन बालद्या घालायच्या. बुंध्याशी उकिडवा बसून मी त्याच्याशी बोलायलाही लागलो. कुणी ऐकलं असतं तर या बाबाचं डोकं फिरलं असं म्हटलं असतं. शेजारच्या झाडांची पानं पिवळी होऊन गळली, आमचं झाड हिरवंगार राहिलं. मला केवढा अभिमान वाटला. फोनवर तिला काही बोललो नाही. आल्यावर बघेलच म्हटलं. तीही झाडाचं विचारत नसे. याला विचारून काय कळणार, असं तिला वाटत असणार.

थंडी एका रात्रीत उतरली. पहाटे मला स्वप्न पडलं. सोळा वर्षांची एक मुलगी अनवाणी घरभर फिरत एकेक नळ उघडत होती आणि मला सांगत होती, की एक अजून राहिलाय. तेवढ्यात बंदूक सुटावी तसा आवाज झाला. मी धडपडत उठून पाइप तपासले. सगळे शाबूत होते. मग अंगणात गेलो. अक्रोड कमरेपासून माझ्या डोक्यापर्यंत उभा फाटला होता. फटीत माझी बोटं गेली आणि आतल्या बर्फाला चिकटली.

पाइपांना गुंडाळतो ते गोणपाट मी बुंध्याभोवती गुंडाळलं, वर तीन क्लॅम्प आवळले आणि पायरीवर बसून रडलो. मुलीची तेवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी माझ्या हाताने घालवली असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी बायको आली. तिने पिशवी खाली ठेवायच्या आतच मी तिला अंगणात नेलं. आणखी एक दिवस लपवणं मला झेपलं नसतं. तिने क्लॅम्प सोडायला लावले आणि सालीवर हात फिरवला. झाड थंडीआधी आपणहून आपल्या पेशींतलं पाणी बाहेर सोडतं, ती सांगू लागली, आत दाट गोडसर रस तेवढा ठेवतं, तो सहजी गोठत नाही. म्हणून पानं पिवळी पडायच्या आधीच ती पाणी तोडायची. उशिरापर्यंत पाणी मिळालं तर झाडाला वाटतं, अजून वाढायचेच दिवस आहेत, आणि ते आतलं पाणी सोडतच नाही. सोळा वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, कारण त्या दिवसांत मी लोकांचे पाइप रिकामे करत असायचो.

"मरेल का गं?" मी विचारलं.

नाही मरणार, म्हणाली. ऊब आली की फट मिटेल, पुढच्या थंडीत कदाचित पुन्हा उघडेल, आणि झाड दरवर्षी तिच्या कडांवर नवं लाकूड चढवत राहील. व्रण मात्र जायचा नाही. मग तिला बुंध्याशी पडलेली बालदी दिसली.

"रोज घालत होतात?"

"रोज. दोन."

मी बोलणी खायची तयारी ठेवली. तिने बालदी उचलून पायरीशी ठेवली.

"मला वाटायचं, तुम्हाला ती आठवतसुद्धा नाही."

"तिच्या डाव्या कानामागे तीळ होता," मी कसंबसं म्हणालो.

ती पायरीवर बसली. "उजव्या," ती म्हणाली, आणि सरकून मला जागा करून दिली.