पिवळ्या अस्तराचा झगा

चहाच्या कपात भिजणारे दोन खोटे सुळे.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचा दरवाजा, मागून फळीचा टेकू दिलेला.

कात्री.

हसू आवरेना म्हणून तोंडावर टोपी धरलेला कॅमेरावाला.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच गोष्टीतलं आहे. मी एक जुना झगा आहे. बाहेरून काळी मखमल, आतून पिवळं अस्तर. एके काळी मी रक्तपिपासू सरदाराच्या खांद्यावर असायचो. तो शवपेटीतून उठला आणि मी नुसता फडफडलो, की प्रेक्षकांची बोबडी वळायची! तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर माझं अस्तर करडं दिसे. जाहिरातीच्या फलकावर रंगाऱ्याने ते लालभडक रंगवलं आणि जगाने तेच खरं मानलं.

मग पेटी. कपडेपटात आम्हाला उलटं करून घडी घालतात, म्हणजे सुलट बाजू धुळीपासून वाचते. वर्षानुवर्षं मी तसाच पडून होतो.

आणि एक दिवस झाकण उघडलं! तीच दंतकथा नव्याने पडद्यावर येणार होती. मी शहारलो. पण नवी रक्तपिपासू होती प्रयोगशाळेत रक्त काढणारी मुलगी, साध्या पांढऱ्या कोटातली.

"झग्याला आता कोण भितं, मावशी? फाडून पुसायला घ्या," दिग्दर्शिका म्हणाली.

कपडेपटातल्या मावशींनी जड हाताने कात्री उचलली.

तिकडे नायिका सुळे लावून वळली की सगळे फिदीफिदी हसत. "दाढ दुखतेय का गं?" कॅमेरावाला म्हणाला.

"तुला बघून हे पुन्हा हसले ना, तर मी दुसरी मुलगी बघते," दिग्दर्शिका वैतागली.

नायिकेचे डोळे भरले. थंडगार स्टुडिओत ती कुडकुडतही होती. "मावशी, द्या ना ते पांघरायला." कात्री माझ्या काठाला लागली होती, तेवढ्यात तिने मला ओढलं आणि तसंच, उलटं, अंगावर घेतलं. निळ्या दिव्याखाली माझं अस्तर आजारी, हिरवट उजळलं. ती वळली.

कोणी हसलं नाही. कॅमेरावाल्याची टोपी खाली पडली.

"काढू नकोस!" दिग्दर्शिका किंचाळली. "अगं, हीच ती! मावशी, कात्री ठेवा आधी!"

आता मी पुन्हा पडद्यावर आहे, मित्रांनो, आणि या वेळी रंगीत! दिग्दर्शिका सगळ्यांना सांगते, "पिवळा म्हणजे मरणाचा रंग. जुन्या लोकांनी केवढा विचार केला असेल!" माझ्या काठाला कात्रीचा चावा अजून आहे. मावशी तो कोणाला शिवू देत नाहीत. माझं मागणं एवढंच, की जुनं कापड फाडायला घ्याल तेव्हा आधी एकदा उलटून बघा.

मला शिवलं त्या दिवशी शिंप्याकडचं लाल कापड संपलं होतं.