वहिनी शटल उचलते

गेल्या वर्षभरात तिची पोनी वीतभर खाली उतरली होती. पूर्वी ती डोक्याच्या मागे उंच असायची, धावताना डावी-उजवी उडायची. मग कानांच्या रेषेत आली. आता मानेला टेकली होती. उजवा हात बाजूने वर नेला, की खांद्याच्या उंचीपर्यंत काही होत नसे. त्याच्या पुढे एक टप्पा होता, तिथे आतून सुरी फिरल्यासारखी कळ यायची. केस बांधण्याची जागा त्या टप्प्यात होती.

"वन्सं, झालं का? का आज कोर्ट घरीच मागवायचं?" दारातून वहिनीने हाक मारली.

"आले गं. नाडी बांधतेय."

नाडी केव्हाच बांधून झाली होती. ती टी-शर्टशी झगडत होती. दुखरा हात आधी बाहीत, मग डोकं, मग डावा. काढताना बरोबर उलटं. हा क्रम तिला कोणी शिकवला नव्हता.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिथल्या वरच्या फळीवरच्या बाटल्या तिने एकेक करून खाली आणल्या होत्या. "बरं केलंस बाई, माझा हातच पोचायचा नाही," असं शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तेव्हा ती नुसती हसली. हाडांच्या डॉक्टरांनी तिला खांद्याचं चित्र काढून दाखवलं होतं. वरच्या हाडाखालून जाणारी स्नायूची दोरी घासून घासून उसवत चालली होती. "बाकी सगळं करा. डोक्यावरून मारणं मात्र बंद. नाहीतर एक दिवस पूर्ण तुटेल." त्याला काही महिने झाले होते. ते चित्र तिने घरी आणलं नव्हतं, आणि घरी काही सांगितलंही नव्हतं.

न सांगण्याचं कारण बाहेर चपला घालत होतं.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये तिला 'तोफ' म्हणत. तिचा भाऊ पुढे जाळीपाशी खेळायचा आणि ती मागून, डोक्यावरून स्मॅश मारायची. बहीण-भावाची ती जोडी हॉलमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत भरायची. मग भाऊ कामावर असतानाच छातीत दुखून गेला. त्यानंतर वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून राहू लागली. हातातला चहा निवायचा, साय धरायची, तरी बसलेली. वर्ष तसंच गेलं. एका सकाळी नणंदेने भावाची रॅकेट वहिनीच्या मांडीवर ठेवली. "चल. एकटीला कोर्ट देत नाहीत."

ते खरंही होतं. हॉलमध्ये येईल त्याने भिंतीलगतच्या बाकावर आपल्या रॅकेटा ठेवायच्या, दोन-दोन, एकमेकींना टेकून. त्या क्रमाने पाळी यायची. एकट्या रॅकेटला पाळी नव्हती.

वहिनीने आयुष्यात कधी रॅकेट धरली नव्हती. भावाच्या रॅकेटची मूठ तिच्या हाताला जाड पडायची, म्हणून नणंदेने वरची पट्टी सोलून पातळ गुंडाळून दिली. आता वहिनी जाळीपाशी बरी खेळायची. आणि सकाळचा चहा गरम असताना प्यायची.

हॉलमध्ये शिरताच हॉल सांभाळणारे मामा समोर आले. "तोफ, स्पर्धेला जोडी तीच ना? आज सांग बाई, आठवडाभर 'सांगते, सांगते' चाललंय तुझं."

"खेळून झाल्यावर सांगते, मामा."

समोर दाताच्या डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाली. बेकरीवालीची मुलगी बाळंतपणाला टेकली होती, त्यामुळे तिचा जीव निम्मा फोनमध्ये होता. "आजचाच दिवस हं माझा. उद्यापासून मी आजीच्या ड्यूटीवर."

"म्हणजे मी उद्यापासून पोरकी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. जाळीपाशी आलेलं शटल वहिनीने खालून उंच उचलून त्यांच्या कोर्टात मागे टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ते आरामात खाली ठोकलं. पॉइंट गेला.

"वहिनी, उचलू नकोस! जाळीजवळच हळूच टाक ना."

"हो हो."

पुढचंही तिने उचललंच. दुहेरीत हे कोणी करत नाही. समोरच्याला उंच शटल देणं म्हणजे त्याच्या हातात काठी देऊन पाठ पुढे करणं. मग आपण दोघांनी शेजारी-शेजारी उभं राहून, रॅकेट कमरेशी धरून, येतील ते फटके अडवत बसायचं. वर्षभर वहिनी हेच करत होती आणि वर्षभर नणंद तिच्यावर ओरडत होती.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "रोज ताटात वाढून देता हो स्मॅश."

"घ्या, पोटभर घ्या."

"अगं, काय पोटभर!" नणंद चिडली. "इतकं शिकवलं, सगळं पाण्यात. दादा असता तर—"

ती थांबली. वहिनीने मान खाली घालून शटलची पिसं सारखी केली आणि ते सर्व्हिससाठी पलीकडे दिलं.

पुढचं शटल बेकरीवालीकडून चुकून उंच आलं, थेट नणंदेच्या डोक्यावर. अशा वेळी ती हल्ली "जाऊ दे, बाहेर!" म्हणून ओरडायची. शटल रेषेच्या आत पडायचं, आणि ती "अंदाज चुकला" म्हणायची. आज राग होता, आणि रागापेक्षा स्वतःची लाज जास्त होती. ती मागे सरकली, वळली आणि जुन्या सवयीने हात पूर्ण ताणून मारला. आवाज जुनाच आला, तोफेचा. शटल दोघींच्या मधून जमिनीवर आपटलं.

"वाऽ!" मामा दारातून ओरडले.

रॅकेट तिच्या हातातून गळून पडली होती. ती डाव्या हाताने उजवं कोपर पोटाशी धरून उभी होती.

दोघींच्या रॅकेटा काखेत मारून वहिनी तिला धरून बाकाकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई बर्फ आणायला धावल्या. "खांद्याला दातांचं ज्ञान चालत नाही, पण बर्फ तरी आणते."

मामा त्यांच्या मागे गेले, बेकरीवाली वाजणारा फोन घेऊन बाहेर, आणि बाकावर दोघीच उरल्या. वहिनीने टॉवेलची घडी करून दुखऱ्या हाताखाली उशी केली, तेव्हा हात जरा सैल पडला. कुठे आधार द्यायचा हे तिला नेमकं माहीत होतं.

"कशाला मारलंत ते?" वहिनी हळूच म्हणाली. "बाहेर म्हणून सोडायचं ना. रोज सोडता तसं."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं. "तुला माहितीय?"

"एका घरात राहतो, वन्सं. पोनी कुठे असायची तुमची, आणि आता कुठे असते?"

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. मग म्हटलं, नाही सांगायचं तर नको. मी उचललं, की त्या वरून मारतात, आपण खालून अडवतो. तुम्हाला हात वर करायला नको. आजच्यासारखं एखादं निसटतं, पण बाकीचं भागतं."

बाकावर पाळीच्या रॅकेटा टेकून ठेवल्या होत्या, दोन-दोन. नणंद त्यांच्याकडे बघत राहिली. वर्षभर तिने या बाईला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवलं होतं, आणि हिने ते मुकाट्याने ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा शटल उचललं होतं.

"मी खेळले नाही, तर तू यायची नाहीस," ती म्हणाली. "पुन्हा त्या खिडकीत बसशील. म्हणून गप्प बसले."

मांडीवरच्या रॅकेटच्या मुठीवरून वहिनीने अंगठा फिरवला.

"खरं सांगू? येईन की नाही, मला माहीत नाही. पण तुमचा हात मोडून मला यायचं नाही."

डॉक्टरीणबाई बर्फाची पिशवी घेऊन आल्या. मागोमाग मामा. "बरी आहेस ना, तोफ? घाई नाही गं, उद्या सांगितलंस तरी—"

"नको, आत्ताच सांगते."

ती डाव्या हाताचा आधार घेऊन उठली. डॉक्टरीणबाईंची रॅकेट बाकाच्या टोकाला होती. तिने वहिनीच्या मांडीवरची भावाची रॅकेट उचलली आणि डॉक्टरीणबाईंच्या रॅकेटला टेकवून ठेवली. स्वतःची उचलून पिशवीत घातली. डाव्या हाताने चेन ओढायला वेळ लागला.

"मामा, जोडी ती नाही. डॉक्टरीणबाई आणि वहिनी. मी खेळणं थांबवलंय." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या कोर्टवरचा खेळही थांबला. "मी रोज येईन, या बाकावर बसेन. आणि वहिनी, आता उचलू नकोस."